तलावाकाठचे घर आणि डासांचा हिशेब

उपवनकाठ :

परवा ‘चौथा मजला’ यांनी लिहिले, की ठाण्यात तलावाकाठी घर घेणे म्हणजे जास्तीचे पैसे मोजून डास, दुर्गंधी आणि गोंगाट घरात आणणे होय, आणि ‘तलावांचे शहर’ हे बिरुद घरे विकणाऱ्यांनी जाहिरातीपुरते जिवंत ठेवलेले आहे. ते वाचून वाईट वाटले आणि रागही आला, म्हणून सविस्तर लिहिते.

बिरुदाचे आधी सांगते. शिलाहारांच्या काळी हे गाव श्रीस्थानक म्हणून ओळखले जात होते. मासुंदा तलाव आणि त्याच्या काठचे कोपिनेश्वराचे देऊळ हे इथल्या पहिल्या टोलेजंग इमारतीच्या कितीतरी आधीचे आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. नळ घरोघरी येण्याआधी माणसांना आणि गुरांना त्या आठ महिन्यांतून पार नेण्यात तलावांचा मोठा वाटा होता. आज शहराचे पिण्याचे पाणी भातसासारख्या दूरच्या धरणांवरून येते, म्हणून तलाव आपल्याला केवळ शोभेचे वाटू लागले आहेत.

मी उपवन तलावाजवळ बावीस वर्षे राहते. येऊरच्या डोंगरावर पहिला मोठा पाऊस झाला, की एका रात्रीत तलावाचे पाणी तांबूस होते आणि पुढे हळूहळू गाळ खाली बसतो. खिडकीतून खंड्या, वंचक आणि पंख वाळवत बसलेले पाणकावळे दिसतात. माझ्या वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. रस्त्यावरच्या गर्दीत पाऊल टाकायला ते घाबरत, पण तलावाच्या कडेने ते पुढची सात वर्षे रोज चालले. त्या सात वर्षांचा चौरस फुटाला दर काढून दाखवावा, असे मला लेखकाला विचारायचे आहे.

वास येतो, हे मी नाकारत नाही. तलावात सांडपाणी, निर्माल्य आणि माशांना घातलेला पाव यांची भर पडत राहिली, की नत्र आणि स्फुरद वाढून शेवाळ माजते; ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. रात्री प्रकाश नसल्यामुळे प्राणवायू नव्याने तयार होत नाही, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि मेलेले मासे नेमके सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या नजरेस पडतात. ही भर घालणारे आपण आणि नाव मात्र तलावाचे खराब, हे मला मान्य नाही.

चौथा मजला :

आपल्या वडिलांबद्दल मला आदर आहे, परंतु आपण बावीस वर्षांपूर्वी घर घेतले आणि मी तीन वर्षांपूर्वी घेतले, हा फरक आपण लक्षात घेतलेला नाही. त्याच इमारतीत मागच्या बाजूची घरे स्वस्त होती. केवळ तलाव दिसतो म्हणून मी लाखो रुपये जास्त दिले आणि त्यांचा हप्ता आजही भरतो आहे. रविवारी संध्याकाळी मला खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, कारण खाली गाड्या, खाद्यपदार्थांच्या हातगाड्या आणि मोबाइलवर गाणी लावून बसलेली मंडळी असतात. मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला डेंग्यू झाला आणि तिच्या प्लेटलेट वीस हजारांपर्यंत खाली आल्या. चार रात्री मी रुग्णालयातल्या बाकावर बसून काढल्या आहेत. ज्यांच्या घरात हे घडलेले नाही, त्यांनी मला पाणकावळ्यांचे वर्णन ऐकवू नये.

कळवेकर :

गाड्यांचा विषय निघालाच आहे, तर मला बोलू द्या. तलावाकाठी राहणाऱ्यांना बाहेरून येणाऱ्यांचा त्रास होतो, हे मी कित्येकदा ऐकले आहे. पण आम्ही दोन खोल्यांच्या घरात राहणारे लोक मुलांना घेऊन जायचे कुठे, याचे उत्तर कुणी देत नाही. मासुंद्याच्या काठी माझ्या सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा नावेत बसल्या होत्या, त्याची आठवण त्या अजून सांगतात. तलाव हा खिडकीला जोडून विकला जात नाही. ‘चौथा मजला’ यांनी जास्तीचे पैसे इमारत बांधणाऱ्याला दिले आहेत. तलावाला किंवा शहराला नव्हे.

निवृत्त मलेरिया कर्मचारी :

डेंग्यूचा उल्लेख झाला, म्हणून मला राहवत नाही. एकतीस वर्षे मी घराघरांत आणि गच्च्यांवर अळ्या शोधत फिरलो आहे. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती तलावात वाढत नाही. त्याला स्वच्छ, स्थिर आणि थोडे पाणी लागते : कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर, झाकण नसलेले पिंप. त्याची अंडी पाण्याच्या पातळीच्या वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा घासावी लागते. अंड्यातून डास बाहेर पडायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असे आम्ही घसा फोडून सांगत असू. शिवाय हा डास सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे उडत नाही. शहरातल्या मलेरियाचा मुख्य डास, ॲनोफिलीस स्टिफेन्सी, हासुद्धा टाक्यांमध्ये आणि बांधकामावर साचलेल्या पाण्यात वाढतो. तलावात मासे असतात आणि पृष्ठभाग सतत हलत असतो. उघड्या पाण्यात अळी तग धरत नाही.

स्पष्ट लिहितो, राग मानू नये : आपल्या मुलीला चावलेला डास बहुधा आपल्याच इमारतीत जन्मला असावा.

चौथा मजला :

राग मानू नये असे लिहून आपण माझ्या मुलीच्या आजाराचे खापर माझ्यावर फोडत आहात. आपण माझे घर पाहिलेले नाही. संध्याकाळी सहा वाजता माझ्या गॅलरीत या, तलावाकडून येणारे डास अंगावर अक्षरशः तुटून पडतात. तीन वर्षांचा माझा रोजचा अनुभव खोटा आणि आपले एकतीस वर्षांचे पाठांतर खरे, असे मानायला मी तयार नाही.

निवृत्त मलेरिया कर्मचारी :

पाठांतर हा शब्द मागे घ्यावा. १९९० च्या दशकात ज्या वस्त्यांमध्ये मी रक्ताचे नमुने गोळा करत फिरत होतो, तिथे ताप आलेली मुले माझ्या हातांत होती. आपण सांगता ते संध्याकाळचे डास मी नाकारत नाही. ते बहुतेक क्युलेक्स असतात, घाण पाण्यात वाढतात आणि रात्री चावतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. दोन डासांमधला हा फरक न कळल्यामुळे लोक तलावाकडे बोट दाखवून घरातली ताटली विसरतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मुले आजारी पडतात. मी चिडून लिहितो, त्याचे कारण हे आहे.

खारेगावकर :

काकांच्या अनुभवाला नमस्कार, पण तलावाला इतके निर्दोष ठरवणे मला पटत नाही. जिथे काठावर जलपर्णी माजते, तिथे पाने वाऱ्याला अडवतात, पाणी हलत नाही आणि मासे मुळांच्या जाळीत शिरू शकत नाहीत. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या तर पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून त्यांतूनच श्वास घेतात. आमच्या भागात जलपर्णी काढल्यानंतर संध्याकाळी बाहेर बसता येऊ लागले, हे मी स्वतः अनुभवले आहे. दोन वर्षांनी ती पुन्हा माजली आणि डासही परतले. तेव्हा उघडे पाणी आणि माजलेला काठ यांत फरक करावा.

निवृत्त मलेरिया कर्मचारी :

आपले म्हणणे बरोबर आहे. मी ‘उघड्या पाण्यात’ असे लिहिले होते, परंतु काठाचा उल्लेख करायला हवा होता. डेंग्यूबद्दल मात्र माझे मत कायम आहे.

जुना ठाणेकर :

काठाचा विषय निघाला आहे, तेव्हा माझी जुनी तक्रार मांडतो. लहानपणी आम्ही ज्या उतारावरून पाण्यात पाय सोडून बसत होतो, तिथे आता उभी भिंत आणि कठडा आहे. सुशोभीकरण म्हटले, की काँक्रीट, फरशी आणि रंगीत दिवे, असे समीकरण ठरून गेले आहे. उतरता, मातीचा आणि गवताचा काठ असेल, तर वाहून येणारी घाण तिथे थोडी अडते, बेडकांना आणि चतुरांना जागा मिळते, आणि चतुराची पिल्ले पाण्यात डासांच्याच अळ्या खातात. गेला तासभर आपण ज्या डासांवर भांडत आहोत, त्यांचे निम्मे शत्रू आपण भिंत बांधून घालवले आहेत.

विसर्जनाच्या बाबतीत मात्र या शहराने चांगले पाऊल उचलले, हे मान्य करायला हवे. कृत्रिम तलाव ठाण्यात बऱ्याच आधी सुरू झाले. आमच्या घरी शाडूची मूर्ती असूनही माझे थोरले बंधू कृत्रिम तलावाला तयार नव्हते आणि त्यावरून दोन वर्षे आमचा अबोला होता. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहजासहजी विरघळत नाही आणि मूर्तीचे तुकडे तळाशी तसेच पडून राहतात, हे गाळ काढताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा कुठे ते वळले.

चौथा मजला :

काल रात्री मी काही लिहिले नाही, कारण मी इमारतीच्या तळमजल्यावर गेलो होतो. प्रवेशद्वारापाशी शोभेची बारा झाडे आहेत आणि त्यांतल्या सात कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी होते. दोन ताटल्यांत अळ्या वळवळत होत्या. माझी मुलगी शाळेच्या बसची वाट पाहत रोज सकाळी तिथेच उभी राहते. वरच्या टाकीचे झाकणही अर्धवट उघडे निघाले. ‘पाठांतर’ हा शब्द मी मागे घेतो आणि काकांनी तो मनावर घेऊ नये, अशी विनंती करतो.

याचा अर्थ माझी सगळी तक्रार चुकीची होती, असा काढू नये. आवाजाच्या प्रश्नाला आपल्यापैकी एकानेही उत्तर दिलेले नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. माझ्या खिडकीशी यातले काहीही पाळले जात नाही.

उपवनकाठ :

आवाजाबाबत आपले म्हणणे मला मान्य करावे लागते, जरी ते मला आवडत नसले. पाण्यावरून आवाज लांबवर जातो, हा आमच्याही घरचा अनुभव आहे. संध्याकाळी पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली, की आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो आणि पलीकडच्या काठावरचे बोलणे समोरच्या खिडकीत स्पष्ट ऐकू येते. ज्या पाण्यासाठी आपण पैसे मोजतो, तेच पाणी हे करते. पण त्यावर उपाय कळवेकरांना रविवारी घरी बसवणे हा नाही. बोलणारी, हसणारी माणसे मला चालतात. ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि त्याविरुद्ध तक्रार लिहिताना मी आपल्याबरोबर सही करीन.

कळवेकर :

ध्वनिक्षेपकाविरुद्धच्या अर्जावर माझीही सही घ्या, मात्र त्यात ‘बाहेरचे लोक’ हे शब्द नसतील, या अटीवर.

चौथा मजला :

ते शब्द मसुद्यात होते. काढले आहेत. काका, टाकीचे झाकण नीट बसत नाही, कडेला फट राहते. तिथे जाळी बांधली तर चालेल का, की झाकणच बदलावे लागेल?

निवृत्त मलेरिया कर्मचारी :

झाकणच बदलावे. तोवर बारीक जाळी घट्ट ताणून बांधावी, आणि टाकीतले जास्तीचे पाणी वाहून नेणाऱ्या नळीच्या तोंडालाही जाळी लावावी, कारण तिकडे कुणाचे लक्ष जात नाही आणि डास मात्र तिथूनच आत शिरतो.