काठावरच्या शुगरला शिव्या घालून ती उतरत नाही

राजारामपुरीची ताई:
परवा 'तालमीतला' यांनी इथं लिहिलं, "शुगर काठावर येते ती आळसानं. आरशासमोर उभं राहून स्वतःला चार शिव्या हासडा, लाज वाटली की पाय आपोआप चालतात. स्वतःवर माया करायची थेरं आपल्याला नकोत." खाली सगळ्यांची वाहवा. मला काही ते पचलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, 6.1 आलं, म्हणजे मधुमेह नाही पण त्याच्या काठावर, तेव्हा मी नेमकं हेच केलं होतं. पहाटे रंकाळ्यावर धापा टाकत फेऱ्या आणि मनात एकच जप: आईला मधुमेह झाला, आता तुलाही होणार, खा अजून पुरणपोळ्या. मग नणंदेच्या घरचं लग्न निघालं आणि फेऱ्या बुडाल्या. परत सुरू करायचं म्हटलं की आधी बुडालेलंच आठवायचं. बूट दिसले तरी चिडचिड व्हायची. शेवटी मी रंकाळ्याचा रस्ताच टाळायला लागले आणि पुढची तपासणीही लांबवली. लाजेनं पाय चालत नाहीत हो. लाजेनं माणूस रिपोर्ट कपाटात साड्यांखाली ठेवतो.

क्रिस्टिन नेफ या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी 2003 साली हे नीट मांडलं: चुकल्यावर स्वतःशी माणसासारखं बोला, असं चुकणारे आपण एकटेच नाही हे ओळखा, आणि झालं ते वाढवूही नका, झाकूही नका. 2007 च्या एका प्रयोगात कॉलेजच्या मुलींना आधी डोनट खायला दिला. त्यातल्या काहींना सांगितलं, सगळेच कधीतरी असं खातात, स्वतःला बोल लावू नका. नंतर गोड पदार्थ समोर ठेवले, तेव्हा डाएटच्या बाबतीत कडक असणाऱ्या मुलींपैकी हे ऐकलेल्यांनी कमी खाल्लं. ज्यांना कुणी काही बोललं नाही, त्यांनी जास्त.

तालमीतला:
ताई, राग मानू नका, पण डोनट खाणाऱ्या पोरींवरनं आमचं ठरवू नका. आमच्या वडिलांना शुगर निघाली तवा घरात मायेला तोटा नव्हता. आई म्हणायची, दमून आलेत, राहू दे. आत्या दर भेटीला पेढे आणायची. चालायला जावा असं एकानंही ठणकावून सांगितलं नाही. शेवटी अंगठ्याला जखम झाली आणि घोट्यापर्यंत पाय काढावा लागला. त्यांना काठी टेकत चालताना बघितलंय मी. त्या वेळी कुणी खडसावलं असतं तर? तालमीत वस्ताद पाठ थोपटत बसत नाहीत. बैठक चुकली की बोलणी बसतात. त्यातनंच या गावानं मल्ल घडवले, त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं.

बावड्याची सून:
खासबागेत उतरणारा विशीतला पोरगा आणि गुडघे धरलेली पन्नाशीची बाई, दोघांना एकच शिस्त? त्या पोराचा खुराक दुसरं कुणीतरी रांधतं, हे पण लिहा की.
पहाटे पाणी येतं, मग डबे, मग सासूबाईंचं. नवरा फिरून आला की त्याला चहा. मी गेले तर, "दिवसभर राबतेस की, अजून काय चालायचंय?" संध्याकाळी गेले तर, "नटून कुठं निघाली?" मला बोलणारे घरात, शेजारी, सगळीकडं आहेत. त्यात मीच एक आणखी कशाला होऊ? शिव्या घालून घ्या म्हणणारे सगळे पुरुष आहेत, हेही बघा जरा.

लॅबमधला:
आकड्यांचं बोलतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही 10.1 कोटी आणि काठावरचे 13.6 कोटी निघाले. एवढे सगळे आळशी? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं वजनाला कमी असली तरी अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतात. हाडकुळ्या पोरांचे काठावरचे रिपोर्ट मी रोज हातात देतो, त्यांची तोंडं उतरलेली बघतो.
आता चालण्याचं. अमेरिकेतला मोठा अभ्यास 2002 चा. आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम आणि थोडं वजन कमी, यानं मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं 31. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या 2006 च्या अभ्यासात आहार-व्यायामानं 28.5 टक्के. अमेरिकेतल्या लोकांना 16 धडे एकेकाला समोर बसवून शिकवले होते, आणि त्यातला एक धडा खास घसरल्यावर परत कसं यायचं याच्यावर होता. आरशासमोर शिव्या घाला असा धडा त्यात नव्हता.

पाचगावकर:
एवढं कशाला? आमच्यात चहा गुळाचाच. आजोबा नव्वदीपर्यंत जगले. साखर सोडा, गूळ धरा, विषय संपला.

लॅबमधला:
आजोबा शेतात दिवसभर नांगरामागं चालायचे, ते धरलंत का? गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं. शुगर तोही वाढवतो.

गूळवाला:
झालं, आला गुळावर राग. आमच्या तीन पिढ्या गुऱ्हाळात गेल्या. कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते काय उगाच? त्यात लोह आहे, खनिजं आहेत. इथं ऊस कारखान्याला जातोय, गूळ तयार करणारा गुळव्या मिळंना, चुलवाण पेटवायला माणूस मिळंना. वर काही लोक गुळात साखर मिसळून विकतात आणि प्रामाणिक माणूस मरतोय. गुऱ्हाळं एकेक करून बंद पडायलीत आणि तुम्ही गूळ म्हंजे साखर म्हणून लिहिता. लिहिताना जरा आमच्या पोटाचा विचार करा.

लॅबमधला:
जीआय मिळालं ते तुमच्या मातीचं आणि तुमच्या कसबाचं, शुगरवर औषध म्हणून नाही. लोहासाठी गूळ खायचा तर शुगरवाल्याला झेपणार नाही एवढा गूळ खावा लागेल. तुमच्या धंद्याबद्दल मी शब्द काढलेला नाही.

तालमीतला:
इथं मी गूळवाल्यांच्या बाजूनं. गूळ-शेंगदाणे खाऊन मेहनत करणारी माणसं बघितलीत आम्ही. पाकिटातली बिस्किटं खाणाऱ्यांनी गुळाला शिकवू नये.

लॅबमधला:
मेहनत करणारी, हे तुमचंच वाक्य आहे. मी तेच सांगतोय!

बावड्याची सून:
चालण्याचा धागा होता ना हा? की ऊस परिषद भरवायचीय?

गूळवाला:
वैनी, तुम्हाला हसू येतंय, आमचं घर चालतंय त्यावर. तरी एक मान्य करतो. दुकानात गिऱ्हाईक "शुगरला चालतोय ना?" विचारतं, तेव्हा मी होय म्हणत नाही. म्हणणारे आहेत बाजारात, आणि ते चुकतंय त्यांचं. बाकी बिस्किटापेक्षा माझा गूळ बरा, हे शेवटपर्यंत म्हणणार.

राजारामपुरीची ताई:
गूळ खा, पण खडाभर आणि हिशोबात धरून. आता तालमीतल्या भावांना एकच विचारते, उद्धटपणा समजू नका. वडिलांच्या अंगठ्याची जखम घरात कधी कळली?

तालमीतला:
उशिरा. ते मोजे घालूनच झोपायचे. वास यायला लागला तवा कळलं.

राजारामपुरीची ताई:
सांगितलं का नाही त्यांनी?

तालमीतला:
डॉक्टर ओरडतील म्हणून. आधी एकदा सगळ्यांदेखत ओरडले होते, तवापासनं त्यांनी दवाखान्याचं तोंड बघितलं नव्हतं. ताई, तुम्ही कुठं नेताय ते कळतंय मला. होय, लपवलं त्यांनी. लाजेपायी लपवलं. पण पेढे कुणी लपवून दिले नव्हते, ते समोरच दिले. त्याचं काय?

राजारामपुरीची ताई:
ते चुकलंच. पेढे देणाऱ्या आत्यांची बाजू मी घेतलेली नाही, घेणारही नाही. वडिलांना दोन्हीकडनं मार बसला. घरात कुणी खरं बोललं नाही आणि दवाखान्यात कुणी नीट बोललं नाही. "तुमच्या पायाला धोका आहे, मी रोज संध्याकाळी तुमच्याबरोबर येतो" असं कुणी म्हणालं असतं, तर त्यात खडसावणं कुठं होतं? आणि लाड तरी कुठं होते? माझं तेवढंच म्हणणं आहे. स्वतःला खरं सांगा, पण शत्रूला सांगितल्यासारखं नको.

बावड्याची सून:
ताई, मग बुडालं की तुम्ही नक्की करता काय? ते सांगा, बाकी ऐकून झालंय.

राजारामपुरीची ताई:
बुडालेलं भरून काढायला जात नाही, पहिलं हे. आधी मी चार फेऱ्यांची उधारी एकाच सकाळी फेडायला जायची आणि पोटऱ्या धरल्या की परत आठवडा बसून. आता रात्री जेवले की गल्लीतच दहा मिनिटं. गाऊनवर ओढणी घेऊन जाते, बूट असले तर असले. माझी धाकटी बहीण बुडवून आली तर तिला जे म्हणेन, "चल, आज थोडंच जाऊ", तेच स्वतःला म्हणते. पहिल्यांदा खोटं वाटतं, तरी म्हणायचं.

लॅबमधला:
जेवणानंतरचं चालणं फुकट जात नाही. स्नायू कामाला लागले की इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. सासूबाईंना हेच सांगा, डॉक्टरांनी जेवल्यावर चालायला सांगितलंय म्हणून.

तालमीतला:
दहा मिनिटं ठीक. पण आठवड्याचं दीडशे मिनिटांचं गणित सोडायचं नाही, त्यात मी ऐकणार नाही. आरशाचं लिहिलेलं मी काढत नाही, काहींना त्यानंच जाग येते. फक्त चुलतभावाची शुगर काठावर आलीय, त्याला फोन करून झापणार होतो. ते आता राहू दे. संध्याकाळी त्याच्या दारात जातो आणि चल म्हणतो. नाही आला तर बघू.

बावड्याची सून:
आला नाही तर परवा परत जावा.