‘निर्वाह वेतन’ म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी वाटतं. दुसरा शब्द आहे का?

धागादोरा: ढाक्याजवळच्या साभार-आशुलियातल्या कपड्यांच्या कारखान्यांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. एका वाक्यापाशी अडले आहे: ‘कामगारांना किमान वेतन मिळतं, पण लिव्हिंग वेज (माणसासारखं जगता येईल इतकं वेतन) मिळत नाही.’ आपल्या राज्यघटनेच्या मराठी पाठात, अनुच्छेद 43 मध्ये, ‘निर्वाह वेतन’ आहे. पण ‘किमान वेतन मिळतं, निर्वाह वेतन मिळत नाही’ असं लिहिलं की पायऱ्या उलट्या लागतात. निर्वाह म्हणजे कसंबसं भागणं. निलंबित कर्मचाऱ्याच्या हातावर ठेवतात तो निर्वाह भत्ता, सुरुवातीला अर्ध्या पगाराच्या आसपास. वाचणाऱ्याला हे किमानच्याही खालचं वाटणार. पुढे ‘सस्टेनेबल फॅशन’ही आहे, आणि तिथे ‘शाश्वत’ लिहायला हात धजत नाही.

काजेबटण: घटनेतला शब्द सोडू नका. 1948 साली नेमलेल्या रास्त वेतन समितीने किमान, रास्त आणि निर्वाह अशा तीन पायऱ्या लावल्या, त्यांत निर्वाह सर्वांत वरची. संस्कृतात निर्वाह म्हणजे शेवटपर्यंत वाहून नेणं, तडीस नेणं. ‘कसंबसं’ ही छटा आपण नंतर चिकटवली. ती पुसायची तर शब्द वापरत राहणं हाच मार्ग आहे.

एकसुई: वाचक धातू उघडून बघत नाही. बांगलादेशातल्या कामगारांची घोषणाच ‘बाँचार मतो मोजुरि’ अशी आहे. आपल्याकडे ‘पुरता’ आणि ‘जोगा’ यांत हाच फरक होतो. जगण्यापुरती मजुरी म्हणजे तेवढीच, त्यावर एक दाणा नाही. जगण्याजोगी म्हणजे जिच्यावर माणसासारखं जगता येईल. ‘जगण्याजोगी मजुरी’ लिहा.

काजेबटण: आणि ‘वेतन’ टाकून ‘मजुरी’ का? मजुरी फारसीतून आली, पगार पोर्तुगीजांकडून. वेतन आपलं आहे.

एकसुई: पगार आता पोर्तुगीज राहिलेला नाही. पगार महिन्याचा, मजुरी कामाची, हा भेद प्रत्येक कामगार पाळतो. नगावर शिवणाऱ्या बाईला पगार नसतो, मजुरी असते.

ताणाबाणा: शब्द ठरवायच्या आधी आकडा उसवून बघा. डिसेंबर 2023 पासून तिथल्या सर्वांत खालच्या श्रेणीला महिन्याला 12,500 टाका (तिथलं चलन) आहेत. मूळ वेतन 6,700, घरभाडं 3,350, औषधपाणी 750, येणंजाणं 450, जेवण 1,250. महिन्याचे तास 208 धरतात, म्हणजे तासाला साठ टाका. ओव्हरटाइम दुप्पट दराने देतात, पण दुप्पट होतं ते फक्त मूळ वेतन: 6,700 भागिले 208, गुणिले दोन, म्हणजे 64 टाका. नवव्या तासाला चारच टाका जास्त! तेव्हा मजकुरात ‘मूळ वेतन’ आणि ‘वेतन’ वेगळे ठेवा. नुसतं ‘दुप्पट दराने’ लिहिलंत तर वाक्य खोटं ठरेल.

आता 208 तासांची मिनिटं करा: 12,480. म्हणजे मिनिटाला साधारण एक टाका. साध्या टी-शर्टाला आठ प्रमाणित मिनिटं (पूर्ण कार्यक्षमतेने लागणारा वेळ) धरा. लाइन निम्म्या कार्यक्षमतेने चालली तर खरी सोळा लागतात, म्हणजे शिलाईची मजुरी सोळा टाका. तेव्हा काही संघटनांची मागणी 23,000 ची होती. त्या दराने साडेएकोणतीस. फरक एका टी-शर्टामागे साडेतेरा टाक्यांचा. तेवढा का निघत नाही? खरेदीदार सबंध नगाचा भाव पाडतो, त्यात मजुरीची ओळ वेगळी दिसत नाही. मजुरी वाढली आणि भाव तोच राहिला, की तासाचं टार्गेट चढतं आणि मशीनमागचा हेल्पर कमी होतो.

काजेबटण: याच हिशेबामुळे मी पारिभाषिक शब्द मागतो आहे. मालकाने ओव्हरटाइम धरून आकडा गाठला आणि ‘जगण्याजोगी मजुरी देतो’ म्हटलं, तर ‘जोगी’ कुठे हरकत घेतो? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मार्च 2024 मध्ये मान्य केलेल्या व्याख्येत ‘नेहमीच्या कामाच्या तासांत’ ही अट आहे. अशी अट पारिभाषिक शब्दालाच बांधता येते.

वारभर: थोडं बाजूचं. भारतात 1957 च्या पंधराव्या श्रम परिषदेने ‘किमान’ ठरवतानाच बरंच मागितलं होतं. एका कमावत्यामागे तीन उपभोग घटक (नवरा 1, बायको 0.8, दोन मुलं 0.6 प्रमाणे), घटकामागे 2,700 कॅलरी, आणि चौघांना वर्षाला 72 वार कापड. वारांत मोजा म्हणजे डोळ्यांपुढे येतं: बरोबर आठ नऊवारी लुगडी, माणशी दोन! 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण यांसाठी 25 टक्के आणखी धरायला सांगितलं. हे सगळं ‘किमान’मध्ये. मग रिकामा ‘निर्वाह’ झाला आहे की ‘किमान’?

धागादोरा: वार लिहायचं की यार्ड? मूळ मजकुरात कापड यार्डांत आहे.

वारभर: वार. ‘नऊवारी’ कळणाऱ्याला वार सांगावा लागत नाही.

ताणाबाणा: कापडावर आहोत तर आणखी एक खड्डा. इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराची मजुरी ‘52 पिकाला मीटरमागे इतके पैसे’ अशी बोलतात. हे पीक शेतातलं नव्हे, इंचातले आडवे धागे. बावन्नच्या वर पीक गेलं की मीटर हळू भरतो, म्हणून दर चढतो. हे माहीत नसेल तर अनुवादात ‘पिकाचा भाव’ येतो.

एकसुई: ‘सस्टेनेबल’चं राहिलं. ‘टिकाऊ’ करू नका. पॉलिएस्टरचा सदरा सर्वांत टिकाऊ, आणि नेमकी त्याचीच तक्रार आहे.

काजेबटण: ‘शाश्वत विकास’ रुळला आहे. तोच घ्या.

एकसुई: रुळला म्हणून चालतो? मग पगारही रुळला आहे. हंगामासोबत बदलणाऱ्या कपड्याला शाश्वत म्हणवत नाही. ‘पेलणारी’ म्हणा: पाण्याला पेलणारी, जमिनीला पेलणारी.

काजेबटण: ‘पेलणारी फॅशन’ म्हणजे अंगाला शोभणारी असं वाचतील.

वारभर: 52 पीक इंचातलं म्हणालात. मग दर मीटरवर का?

ताणाबाणा: पीक कापडाची घनता सांगतं, मीटर झालेलं काम. एकाच वाक्यात इंच आणि मीटर दोन्ही नांदतात.