लाइफ इन द यूके चाचणी: कसा अभ्यास करायचा, कुठे गुण जातात (अनुभव धागा)

वेलदोडा

ब्रिटनमध्ये कायमचा रहिवास किंवा नागरिकत्व घ्यायचं तर १८ ते ६४ वयाच्या बहुतेकांना ही चाचणी द्यावी लागते. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, उत्तीर्ण व्हायला १८ बरोबर. शुल्क ५० पौंड. सगळे प्रश्न गृहखात्याच्या अधिकृत पुस्तिकेतून येतात. तिची २०१३ साली निघालेली तिसरी आवृत्ती वापरायची, जुनी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

हुशार, वाचणारी माणसंही यात अडकतात, कारण नुसते सराव-प्रश्न घोकतात. म्हणून इथे नेमकं लिहा: कोणता भाग कसा लक्षात राहतो, कुठे गोंधळ होतो, केंद्रावर काय अडतं. "मी किती दिवसांत पास झालो" हे नको, त्याचा पुढच्याला उपयोग नाही.

ग्लासगोकर

भूगोलापासून सुरू करा, कारण तो चुकला की इतिहासही चुकतो. ग्रेट ब्रिटन म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स. त्यात उत्तर आयर्लंड मिळवलं की यूके. बाकीचं आयर्लंड हा स्वतंत्र देश. आइल ऑफ मॅन आणि चॅनल आयलंड्स राजसत्तेशी जोडलेले आहेत, पण यूकेचा भाग नाहीत. फॉकलंड आणि सेंट हेलेना हे सागरापलीकडचे प्रदेश, तेही यूकेत नाहीत. "यापैकी यूकेचा भाग कोणता" असं विचारलं की माणसं आइल ऑफ मॅनवर टिचकी मारतात, कारण नकाशात ते बेट अगदी मधोमध दिसतं.

झेंड्याचं कारण समजून घ्या, पाठ करू नका. युनियन फ्लॅगमध्ये तीन क्रॉस आहेत: इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूचा आणि आयर्लंडच्या सेंट पॅट्रिकचा. वेल्सचा ड्रॅगन नाही, कारण १६०६ मध्ये पहिला संयुक्त झेंडा झाला तेव्हा वेल्स आधीच इंग्लंडला जोडलेलं होतं.

संतांचे दिवस कॅलेंडरच्या क्रमाने म्हणा: वेल्सचा डेव्हिड १ मार्च, पॅट्रिक १७ मार्च, जॉर्ज २३ एप्रिल, अँड्र्यू ३० नोव्हेंबर. सार्वजनिक सुट्टी फक्त उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये, आपापल्या संताच्या दिवशी. हा हमखास विचारण्याजोगा मुद्दा आहे.

आणि विंडरमिअर हे इंग्लंडमधलं सर्वांत मोठं तळं, यूकेमधलं नव्हे. प्रश्नातला देशाचा शब्द नीट वाचा.

तवारीख

इतिहासाचा धडा सगळ्यात लांब आणि सगळ्यात जास्त गुण खाणारा. आपल्याकडे शाळेत ब्रिटिशांचा इतिहास ईस्ट इंडिया कंपनीपासून सुरू होतो. त्याआधीचे ट्यूडर आणि स्टुअर्ट राजे आपल्याला जवळजवळ अनोळखी असतात, आणि पुस्तिकेचा भर नेमका त्यांच्यावर आहे. सनावळी सुटी पाठ केली तर चार दिवसांत उडते. १४८५ ते १७०७ ही एकच साखळी म्हणून वाचा, प्रत्येक घटना मागच्या घटनेतून निघते.

१४८५, बॉसवर्थची लढाई: गुलाबांची युद्धं (इंग्लंडच्या गादीसाठी दोन घराण्यांत चाललेली) संपली, हेन्री सातवा गादीवर. त्याचा मुलगा हेन्री आठवा. त्याला वारस मुलगा हवा होता, पोप घटस्फोट देईना, म्हणून त्याने रोमशी संबंध तोडून चर्च ऑफ इंग्लंड उभं केलं. इथून पुढची दीडशे वर्षं प्रश्न एकच: राजा कॅथलिक (पोपला मानणारा) की प्रोटेस्टंट (पोपला न मानणारा)? एडवर्ड सहावा प्रोटेस्टंट, मेरी कॅथलिक, एलिझाबेथ प्रोटेस्टंट. कॅथलिक स्पेनने आरमार पाठवलं ते १५८८ मध्ये, एलिझाबेथच्या काळात. ती निपुत्रिक वारली, म्हणून १६०३ मध्ये स्कॉटलंडचा जेम्स सहावा इंग्लंडचा जेम्स पहिला झाला. दोन क्रमांकांचा एकच माणूस, हे पक्कं करा. त्याच्याच कारकिर्दीत, १६०५ मध्ये, काही कॅथलिकांनी संसद उडवण्याचा कट केला. ५ नोव्हेंबरचे फटाके त्याचेच.

त्याचा मुलगा चार्ल्स पहिला संसदेशिवाय राज्य करू पाहत होता. स्कॉटलंडवर नवं प्रार्थनापुस्तक लादलं, बंड झालं, सैन्याला पैसा हवा म्हणून १६४० मध्ये संसद बोलवावीच लागली. १६४२ मध्ये यादवी, १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद. मग राजाऐवजी संसदेच्या बाजूचा सेनापती क्रॉमवेल. १६६० मध्ये चार्ल्स पहिल्याचा मुलगा चार्ल्स दुसरा परत आला. १६६५ ला प्लेग, १६६६ ला लंडनची आग. पुढे जेम्स दुसरा कॅथलिक निघाला, म्हणून १६८८ मध्ये नेदरलँड्समधल्या प्रोटेस्टंट विल्यमला (ऑरेंजचा विल्यम) बोलावणं गेलं. १६८९ च्या बिल ऑफ राइट्सने राजाचे अधिकार बांधले. १७०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडचं एकीकरण.

ही साखळी एकदा तोंडी सांगता आली की अर्धा धडा झाला. तरी तीन ठिकाणी पाय घसरतोच.

एक, दोन मेरी. इंग्लंडची राणी मेरी ही हेन्री आठव्याची मुलगी. स्कॉट्सची राणी मेरी ही एलिझाबेथची नातेवाईक. ती इंग्लंडमध्ये २० वर्षं कैदेत राहिली आणि कटाच्या आरोपावरून मारली गेली. जेम्स तिचाच मुलगा.

दोन, हेन्रीच्या सहा बायका. त्यांत तीन कॅथरिन आणि दोन अ‍ॅन, त्यामुळे नुसतं पहिलं नाव उपयोगाचं नाही. अ‍ॅरागॉनची कॅथरिन, अ‍ॅन बोलिन, जेन सीमोर, क्लीव्ह्जची अ‍ॅन, कॅथरिन हॉवर्ड, कॅथरिन पार, याच क्रमाने. मुलगा झाला तो जेनला. शिरच्छेद झाले अ‍ॅन बोलिन आणि कॅथरिन हॉवर्डचे.

तीन, हक्कांचे तीन कायदे. मॅग्ना कार्टा १२१५: राजाही कायद्याखाली. हेबियस कॉर्पस १६७९: बेकायदा कैद नाही. बिल ऑफ राइट्स १६८९: राजापेक्षा संसद वर. पर्यायांत हे तिघे शेजारी आले की घाई करू नका.

निंबोणी

तवारीख यांनी साखळी फार छान मांडली आहे. तीच पद्धत मताधिकाराला लावा. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मतदार वाढले, पण मालमत्तेची अट राहिली. १९१८ मध्ये ३० वर्षांवरच्या स्त्रियांना मत, तेही सगळ्यांना नाही. १९२८ मध्ये स्त्री-पुरुष दोघांना २१ व्या वर्षी. १९६९ मध्ये वय १८ वर आलं. स्त्रियांच्या लढ्यात एमलिन पँकहर्स्ट हे नाव हवंच.

आपल्या माणसांना आवडेल असा भाग: साके दीन महोमेत. बंगालमधल्या लष्करात होते, १७८२ मध्ये ब्रिटनला आले. १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ब्रिटनमधलं पहिलं करी हाउस त्यांनी उघडलं, डोक्याच्या मालिशीची आपली रीत तिथे नेली. पुस्तिकेत त्यांच्यावर परिच्छेद आहे, तो वगळू नका.

पुरणपोळी_लेस्टर

सण सोपे आहेत, फक्त स्कॉटलंड वेगळं काढा. ३१ डिसेंबरचं हॉगमने (वर्षअखेरचा सण) तिथलं, आणि २ जानेवारीची सुट्टीही तिथलीच. २६ डिसेंबर बॉक्सिंग डे. ११ नोव्हेंबर युद्धात पडलेल्यांचा स्मृतिदिन, छातीवर लाल पॉपीचं फूल, दोन मिनिटांची शांतता. दिवाळीही आहे, लेस्टरच्या उल्लेखासह!

वेलदोडा

न्यायालयांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. ज्यूरी इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १२ जणांची, स्कॉटलंडमध्ये १५ जणांची. किरकोळ गुन्हे मॅजिस्ट्रेटकडे, स्कॉटलंडमध्ये मात्र जस्टिस ऑफ द पीसकडे.

"दोन उत्तरं निवडा" या प्रश्नात दोन्ही बरोबर हवीत, अर्धा गुण नाही. पुस्तिकेतली एखादी गोष्ट प्रत्यक्षात बदलली असली तरी अभ्यास पुस्तिकेचाच ठेवा.

कागदपत्र_काकू

आता आरक्षण. फक्त सरकारी संकेतस्थळावरून करा, किमान तीन दिवस आधी. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट्स जास्त पैसे घेतात.

मराठी नावांचा घोळ इथेच होतो. पासपोर्टवर "दिलेलं नाव" या रकान्यात अनेकांचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र छापलेलं असतं. आरक्षणात फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकलं तर ते ओळखपत्राशी जुळत नाही. केंद्रावर परत पाठवतात, आणि पैसेही मिळत नाहीत. पासपोर्टवर जसं आहे तसं अक्षर न् अक्षर टाका. ज्या ओळखपत्रावर आरक्षण केलं तेच मूळ न्या, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही.

चाचणीच्या खोलीत फोन, घड्याळ, पिशवी काही नेता येत नाही. नापास झाल्यास सात दिवस थांबून पुन्हा पैसे भरून द्यायची, कितीही वेळा. उत्तीर्ण झाल्यावर एक संदर्भ क्रमांक मिळतो, अर्जात तोच लिहायचा असतो. त्याची मुदत संपत नाही: कायमच्या रहिवासासाठी दिलेली चाचणी पुढे नागरिकत्वालाही चालते.

ग्लासगोकर

काकू, एक जोड. इंग्रजीच्या पातळीचा पुरावा या चाचणीपेक्षा वेगळा असतो. भारतातली इंग्रजी माध्यमाची पदवी त्यासाठी दाखवायची असेल तर एक्टिस या संस्थेकडून खातरजमा करून घ्यावी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून चाचणीच्या अभ्यासाबरोबरच तो अर्ज करून टाका. घरातल्या ६५ आणि त्यावरच्यांना मात्र दोन्हींतून सूट आहे.