रात्री उसाला पाणी पाजताना: डिजिटल नाइट व्हिजन की थर्मल?

वारणाकाठ (शिराळा): आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीची. चांदोलीकडनं गवे उतरतात, बिबट्या तर उसातच राहतो. शिकारीच्या स्कोपची, म्हणजे बंदुकीवर लावायच्या दुर्बिणीची, माहिती वाचली, पण बंदूक नको. बांधावरनं आधी बघून मगच सरीत उतरायचंय. डिजिटल नाइट व्हिजन, म्हणजे अंधारात बघायची कॅमेऱ्यासारखी दुर्बीण, दिवसा-रात्री दोन्हीला चालतं म्हणतात. घेऊ का?

कराडकर: दादा, डिजिटलला अंधारात इन्फ्रारेड दिवा लागतो, त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लांब जातो, पण समोरनं बारीक लाल दिसतो. ९४० चा दिसत नाही, पल्ला मात्र कमी. आणि जवळ उसाचा पाला असला की तोच उजेड उलटून चित्र पांढरंफेक होतं. दिवसा रंगीत दिसतं, हे खरं. थर्मल अंगाची ऊब टिपतं, दिवा नको. तुमच्या कामाला तेच घ्या.

हळदवाला: थर्मल बरंच महाग. शिवाय दाट उसाच्या आतलं त्यालाही दिसत नाही. बांध मोकळा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. दोघं जा, मोठ्यानं बोलत जा.

वारणाकाठ: पटलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंदच आहे, आणि मला जनावर मारायचंही नाही. धाकटा भाऊ दाऱ्यावर असतो, जीव त्याच्यात अडकतो. चौघं शेजारी मिळून हातातलं थर्मल घेतो. थंडीत बॅटरी रात्रभर टिकते का?