पानांच्या कडेला पांढरे ठिपके, कीड आहे का पाण्याचा क्षार?

इसारकाठ:
नमस्कार मंडळी, मी म्युनिकला असते. शेजारच्या आजी घर सोडून गेल्या तेव्हा त्यांचं दगडी कुंडं मला देऊन गेल्या, आल्प्समधली झाडं आहेत एवढंच म्हणाल्या, नावं त्यांनाही आठवेनात. त्यात एक आहे पानांच्या रुपयाएवढ्या गोल चकत्यांचं, पानं जिभेसारखी, राखट हिरवी, आणि कडेकडेने पांढरे ठिपके. आधी वाटलं मिलीबग कीड, मग वाटलं इथलं पाणी एवढं जड, किटलीत थर धरतो, तोच क्षार असणार. ओल्या कापसाने पुसलं तरी निघेना. सेम्परविवम, ते चकत्यांचं रसाळ झाड असतं ना, ते आहे का हे? दुसरं एक झाड तर हिवाळ्यात बुडाशी कुजलंच, थंडी लागू नये म्हणून मी प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळलं होतं, काय चुकलं?

पाषाणभेद:
ताई, कापूस ठेवा बाजूला, झाड छान आहे तुमचं :) भिंग घेऊन कड बघा. नळाच्या पाण्याचे डाग पानभर कुठेही पडतात, मिलीबग कापसासारखा मऊ आणि पानांच्या बेचक्यात लपलेला असतो. तुमच्याकडे कडेच्या प्रत्येक दात्यावर एकेक टिंब दिसलं तर ते सॅक्सिफ्रागा पॅनिक्युलाटा. त्या दात्यांपाशी बारीक छिद्रं असतात, त्यातून चुनायुक्त पाणी झिरपतं, पाणी उडून जातं, चुना राहतो. सेम्परविवमची पानं जाड, रसाळ आणि टोकदार असतात, असा चुना नसतो. फुलावर आलं की तर शंकाच नको, सॅक्सिफ्रागाची पांढरी पाच पाकळ्यांची, बऱ्याचदा लाल ठिपक्यांची, सेम्परविवमला पाकळ्या कितीतरी जास्त. सॅक्सिफ्रागा म्हणजे लॅटिनमध्ये दगड फोडणारा, आपल्या आयुर्वेदातला हिमालयी पाषाणभेद याच कुळातला, म्हणून मी हे नाव घेतलंय.

खडीवाला:
कुजण्याचं सांगतो. ही झाडं थंडीने मरत नाहीत हो, हिवाळ्यातल्या ओलीने मरतात. डोंगरावर ती महिनोन्महिने बर्फाखाली असतात, तिथे गारठा आहे पण पाणी गोठलेलं, मुळाशी साचत नाही. प्लॅस्टिकने तुम्ही ओल आत कोंडली. वरून काचेचा तुकडा तिरपा धरा, चारी बाजू उघड्या ठेवा, वारा खेळू दे. मातीत निम्मी बारीक खडी घाला आणि झाडाच्या गळ्याभोवती दोन सेंटीमीटर नुसती खडी पसरा. माझी दोन झाडं अशीच गेली तेव्हा कळलं.

कोथरूडकर:
पुण्यात गच्चीवर जमेल का?

खडीवाला:
नाही जमणार, उगाच रोपावर पैसे घालू नका. यांना खरा हिवाळा आणि उन्हाळ्यातही गार रात्री लागतात, एप्रिल-मे काढणार नाहीत.

इसारकाठ:
भिंगाने बघितलं! दात्यागणिक एक टिंब, अगदी ओळीने, किती सुबक. पण एका चकतीतून गेल्या जूनमध्ये फूल आलं होतं, ती आता वाळलीये, बाकीच्या पण जाणार का?

पाषाणभेद:
नाही हो, फुललेली चकती तेवढी जाते, आजूबाजूची पिल्लं वाढत राहतात. वाळलेली कात्रीने कापा, उपटू नका, पिल्लांची मुळं हलतात.