विषय: पक्ष्यांसाठी खाऊच्या माळा, शनिवारची तयारी

नमस्कार मंडळी,
नाताळच्या सुट्टीत मुलांकडून झाडावर टांगायची, पक्ष्यांना खाता येईल अशी सजावट करून घ्यायची आहे. पाइनकोनला पीनट बटर फासून सूर्यफुलाच्या बियांत घोळवायचे, शिवाय पॉपकॉर्नच्या माळा. घरात फळांच्या जाळीच्या पिशव्या, चमकी आणि नायलॉनचा दोरा पडून आहे, तो घेऊन येते. मनुका ओवल्या तर चालतील का?

---

ताई,
उपक्रम फार आवडला, मी नक्की येतो. पण जाळी, चमकी आणि नायलॉन कृपया आणू नका. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे दाण्यांच्या गोळ्याच्या जाळीत एका चिमुकल्या पक्ष्याची नखं अडकली होती. टॉवेलात धरून नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा कापला. हातात वजन असं जाणवतच नव्हतं, फक्त छातीची धडधड. सुटल्यावर तो कुंपणावर बसला, एक पाय पोटाशी घेऊन, बराच वेळ. तेव्हापासून मी साधी सुतळीच वापरतो, तीही आखूड. लांब फास लोंबता ठेवायचा नाही.

पीनट बटर बिनमिठाचं घ्या आणि त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) नाही ना, हे डब्यावर वाचून घ्या. कुत्र्यांना ते विषारी असतं. नुसतं बटर चिकट होतं, म्हणून मक्याचं पीठ किंवा ओट्स मिसळून वळता येईल इतकं घट्ट करा. सूर्यफुलाच्या बिया काळ्या, पातळ सालीच्या घ्या, लहान चोचींना त्या सहज फुटतात. पॉपकॉर्नला मीठ-लोणी नको. बिया साच्यात बसवायला जिलेटिन सांगतात, पण ते प्राणिजन्य असतं आणि आपल्यातली बरीच मुलं शाकाहारी आहेत, त्यामुळे आपण पाइनकोनच करू.

मनुका पक्ष्यांना चालतात, कुत्र्यांना मात्र त्यानं मूत्रपिंडाचा गंभीर त्रास होऊ शकतो. माळेतून खाली पडणारच, तेव्हा त्या टाळू. सफरचंदाच्या फोडी ओवा, बिया काढून.

टांगायची जागा खिडकीपासून १ मीटरच्या आत किंवा १० मीटरच्या पलीकडे असावी. जवळून उडालेल्या पक्ष्याला वेग येत नाही, त्यामुळे काचेवर आपटला तरी इजा कमी होते. मधलं अंतर सर्वांत वाईट.

---

काका,
जाळ्या आत्ताच कचऱ्यात टाकल्या, आधी कात्रीनं तुकडे करून. सुतळी आणि मक्याचं पीठ मी आणते. पावसात भिजलेल्या माळांना बुरशी येते, म्हणून दर दोन दिवसांनी झाड कोण बघणार, याची यादी शनिवारीच करू. पहिलं नाव माझं लिहा.