डिस्क सँडरवर सागाचे तुकडे उडतात

प्रश्न (चामोर्शी, गडचिरोली): भाऊ, बेल्ट-डिस्क सँडरवर (घासकागदाचा पट्टा अन् चकती फिरवणारं मशीन) सागाचे छोटे तुकडे घासताना हातातून उडतात. काय चुकतं?

उत्तर १: चकतीची खाली जाणारी बाजूच वापरा, तिथं लाकूड टेबलावर दाबलं जातं. वर जाणारी बाजू उचलून फेकते. टेबल अन् चकतीतली फट १.५ मिमीच्या आत ठेवा. जास्त असली की बारीक तुकडा आत ओढला जातो, बोटही.

उत्तर २: हातमोजे बिलकुल नको, दुपट्टाही काढून ठेवा. बोटाएवढा तुकडा हातात धरूच नका, शिकंज्यात धरा.

उत्तर ३: दादा, लाइन गेली की आधी बटन बंद करा, नाहीतर लाइन येताच मशीन आपोआप फिरते. त्यावर विळा घासू नका. ठिणगीनं भुशाची पिशवी पेटते. सागाची धूळ छातीला वाईट, एन-९५ मास्क लावाच.